मेंढीचे दूध व नराची पारख

एकाच कळपात, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या दोन मेंढ्या सारखे दूध देत नाहीत. या तफावतीचा काही भाग वंशपरंपरेने आलेला असतो; दुभत्या जातींत तो साधारणतः तीन दशांश आढळतो. सुधारणेस वाव मिळतो तो त्यामुळेच.

फ्रान्समधील प्रसिद्ध रोकफोर चीज केवळ लाकोन जातीच्या मेंढीच्या दुधापासून तयार होते. १९६० च्या सुमारास या मेंढीचे दूध एका वेतात सरासरी सुमारे ८० लिटर भरे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते सुमारे २७० लिटर झाले. उत्तम चारा व निगा यांचा त्यात वाटा होताच; परंतु काटेकोर नोंदींचा वाटाही मोठा होता. नर स्वतः दूध देत नाही. म्हणून त्याच्यापासून झालेल्या मेंढ्यांचे दूध मोजून त्याची पारख करण्यात आली व निवडक नरांचे वीर्य कृत्रिम रेतनाने अनेक कळपांत पोहोचविण्यात आले.

मात्र केवळ दुधाचे माप वाढविल्यास त्यातील स्निग्धांश व प्रथिनांचे प्रमाण घटू लागते. आणि चीज तर त्यांचेच बनते. म्हणून पुढे निवड करताना हे घटकही विचारात घेतले गेले.

मांसासाठी पाळलेल्या कळपातही कोकरू आईच्या दुधावरच वाढते. तेव्हा पैदाशीचा नर निवडताना केवळ त्याचा बांधा न पाहता त्याच्या आईची व त्याच्या वंशातील मेंढ्यांची नोंद अवश्य पाहावी.