आजीच्या लुगड्याचा फ्रॉक

मुंबईहून गोव्यास जलमार्गानें जाणें ही कोंकणकिनाऱ्यास नवी गोष्ट नव्हे. पूर्वीं लोक आगबोटीनें पोटापाण्यासाठीं जात-येत. आतां तोच प्रवास सुटींतील मौज म्हणून होऊं लागला आहे. २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यांत 'आंग्रिया' ही नौका या मार्गावर सुरू झाली. ती पुढें बंद पडली, तरी २०२१ मध्यें 'कॉर्डेलिया' ही नौका मुंबईहून सफरी करूं लागली. अशा सफरीचा बेत ठरला म्हणजे मुलींच्या मनांत पहिला विचार येतो कपड्यांचा, आणि आईबापांच्या मनांत खर्चाचा. आमच्या फुलपाड्यांत व एकंदर वसई-विरार भागांत पुष्कळ घरीं या दोहोंचें उत्तर ट्रंकेंत पडलेलें असतें. तें म्हणजे आजीचें नऊवारी लुगडें.

परंतु एकदां कापलेलें लुगडें पुन्हां लुगडें होत नाहीं. म्हणून कात्री हातीं घेण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. पहिला असा कीं, तें कापण्यास घरांतील सर्वांची मनापासून संमति आहे काय? लग्नांतील पैठणी, किंवा आमच्या वसईकडील ख्रिस्ती घराण्यांतून नेसलें जाणारें लाल चौकटीचें लुगडें घरांत एकच उरलें असेल, तर त्यास हात लावूं नये. एखाद्या वृद्ध आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आणून शिवलेला फ्रॉक शोभत नाहीं. मात्र नुसतें ठेवणें म्हणजे जपणें, असेंही नव्हे. वर्षानुवर्षें एकाच घडींत राहिलेलें रेशीम त्या घडीवरच तुटूं लागतें. तेव्हां चार लुगडीं असतील, तर एक वापरांत आणणें हें त्या वस्त्राचा मानच राखणें होय.

दुसरा प्रश्न असा कीं, कापड शिवण सोशील काय? लुगडें खिडकीसमोर धरून पाहावें. विरलेली जागा उजेडांत लगेच दिसते. नंतर दोन्ही अंगठ्यांनीं तें उभें व आडवें हलकेच ताणावें. धागे सरकले किंवा बारीक चर्र असा आवाज आला, तर तो भाग वगळावा. पांढरें फडकें ओलें करून कोपऱ्यावर दाबावें. त्यास रंग लागला, तर समुद्राच्या तुषारांनींही तो निघेल हें समजावें. रेशीम हें केंसांप्रमाणें प्राणिज असल्यामुळें त्यास धुण्याचा सोडा व कडक ऊन सोसत नाहीं. तें रिठ्याच्या पाण्यांत धुवून सावलींत वाळवावें. जुन्या सुती कापडाचा एक गुण असा कीं, अनेक धुण्यांनीं तें आटून चुकलेलें असतें. अस्तर मात्र नवें असतें. तें आधीं धुवून घेतलें नाहीं, तर मागाहून आटून सारा फ्रॉक ओढतें.

नऊ वार म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर. मोठ्या मुलीच्या साध्या फ्रॉकास सुमारें तीन वार पुरतात. म्हणजे सगळें लुगडें कापावें लागत नाहीं. खालची कड व कासोट्याचा भाग बहुधा अधिक झिजलेला असतो, तो सोडून चांगला भाग निवडावा. प्रथम मांजरपाटाचा नमुना बेतून मुलीच्या अंगावर घालून पाहावा. चूक व्हावयाची ती स्वस्त कापडावर व्हावी. कापतांना उभे धागे अंगावर सरळ खालीं यावे. इरकलीमध्यें पदर व अंग यांचे ताणे एकमेकांत अडकवून सांधलेले असतात. त्या सांध्यावर कात्री चालवूं नये. शिवणीसाठीं माया एक इंच सोडावी, सुई नवी व बारीक घ्यावी, आणि टांके फार दाट घालूं नयेत. कारण दाट छिद्रांनीं जुनें कापड टिपेवरच फाटतें. मुंढ्यास ताण अधिक पडतो, तेथें आंतून पट्टी लावावी.

नौकेवर वारा फार असतो व हलका घेर उडतो. म्हणून लुगड्याचा काठ घेराच्या तळाशीं लावावा. तो शोभाही देतो व वजनानें घेर खालीं धरतो. घरीं परतल्यावर खारेपणा काढण्यासाठीं फ्रॉक त्याच दिवशीं गोड्या पाण्यांतून काढावा.

पदर अखंड ठेवावा. लहान तुकडे गोधडीस लावावे. आणि आम्ही आमच्या विद्यार्थिनींस आणखी एक गोष्ट सांगतों. हें लुगडें कोण नेसत असे व कोणत्या प्रसंगीं, हें आजीस किंवा आत्यास विचारून घ्यावें, फितीवर धाग्यानें तें नांव काढावें, आणि ती फीत फ्रॉकाच्या आंतल्या बाजूस शिवावी. कापड आज ना उद्यां जीर्ण होईलच. पण विचारण्याचें राहून गेलेलें नांव कोणत्याही ट्रंकेंत सांपडत नाहीं.