बहुमाध्यमी सादरीकरणातील प्रतिमांचे सदोष दर्शन : कारणे व उपाय

प्रस्तावना :
उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे झाली. आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. येथील महाविद्यालयांत अध्यापन, चर्चासत्रे व मौखिक परीक्षा यांसाठी पॉवरपॉइंटसारख्या आज्ञावलीचा सर्रास वापर होतो. या परिसरातील अनेक अभ्यासविषय प्रतिमेवाचून स्पष्ट करता येत नाहीत. सीमेलगतच्या अजिंठ्याची भित्तिचित्रे, चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) यांची छायाचित्रे, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील मोडी कागदपत्रे, रावेर-यावल पट्ट्यातील केळीवरील रोग ही त्यांची काही उदाहरणे होत. परंतु एका संगणकावर निर्दोष दिसणारी प्रतिमा दुसऱ्या संगणकावर लाल फुलीच्या, विकृत रंगाच्या किंवा ताणलेल्या रूपात दिसते. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणे व उपाय यांचा विचार केला आहे.

समस्येचे महत्त्व :
केळीच्या पानावरील करपा म्हणजे सिगाटोका हा बुरशीजन्य रोग आहे. त्यात प्रथम पिवळसर रेषा व नंतर तपकिरी-काळे ठिपके दिसतात. रोगट पाने काढून व बुरशीनाशक फवारून त्याचे नियंत्रण करता येते. याउलट कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगात पानावर फिकट पिवळ्या-हिरव्या पट्ट्या उमटतात व रोगट झाड समूळ उपटून नष्ट करावे लागते. दोन्हींतील प्रारंभिक भेद बव्हंशी रंगछटेवर अवलंबून असतो. मेळाव्यातील पडद्यावर हिरवा व पिवळा रंग बिघडल्यास शेतकऱ्याचा निर्णय चुकू शकतो. म्हणून हा प्रश्न केवळ सजावटीचा मानता येत नाही.

कारणमीमांसा :

१) तुटलेला दुवा : प्रतिमा सादरीकरणात समाविष्ट करता येते किंवा तिचा केवळ दुवा जोडता येतो. दुवा जोडल्यास फाइलमध्ये प्रतिमेचा पत्ता राहतो, मूळ प्रतिमा मात्र आपल्या संगणकातच असते. केवळ सादरीकरणाची फाइल पेनड्राइव्हवर नेल्यास हा पत्ता निरर्थक ठरतो आणि प्रतिमेच्या जागी रिकामी चौकट किंवा लाल फुली येते.

२) फाइलचे स्वरूप : प्रत्येक स्वरूप वाचण्यासाठी संगणकात योग्य संकेतवाचक असावा लागतो. मॅकिंटॉशवरील जुन्या पॉवरपॉइंटमध्ये चिकटवलेल्या काही प्रतिमा क्विकटाइमवर अवलंबून असत. विंडोजवर त्यांच्या जागी केवळ सूचना दिसे. २०१७ पासून आयफोनमध्ये आलेल्या एचईआयसी स्वरूपाबाबतही अशीच अडचण येते.

३) रंगपद्धती : पडदा लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांतून रंग घडवतो, छपाईसाठी चार शाईंची सीएमवायके पद्धती वापरतात. मुद्रणालयाकडून मिळालेली सीएमवायके जेपेग प्रतिमा काही आज्ञावलींना वाचता येत नाही किंवा तिचे रंग उलटे दिसतात. तसेच अॅडोबी आरजीबीतील प्रतिमा, रंगवर्णन न वाचणाऱ्या आज्ञावलीत फिकट दिसते. अजिंठ्याच्या चित्रांतील गेरूचा तांबडा व लाजवर्दी निळा यांचा भेद शिकवताना हा दोष विशेष बाधक ठरतो.

४) रंगखोली : २४ बिट रंगखोलीत १,६७,७७,२१६ रंग दाखवता येतात, १६ बिटमध्ये केवळ ६५,५३६. शुद्ध राखाडी छटा २५६ वरून सुमारे ३२ वर येतात. त्यामुळे केकी मूस यांच्या कृष्णधवल छायाचित्रातील छायाप्रकाशाच्या सलग छटांऐवजी पट्टे दिसू लागतात.

५) अक्षरसंच : ईएमएफ प्रकारच्या आलेखात व नकाशात अक्षरे मजकूर म्हणूनच साठवलेली असतात. जुन्या, युनिकोडपूर्व देवनागरी अक्षरसंचात लिहिलेली तालुक्यांची नावे, तो संच नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या गोंधळात रूपांतरित होतात.

६) पडद्याचे प्रमाण : ४:३ प्रमाणाचे सादरीकरण १६:९ पडद्यावर ताणून दाखवल्यास रुंदी एकतृतीयांशाने वाढते. वर्तुळ लंबवर्तुळ होते व जिल्ह्याच्या नकाशावरील अंतरे फसवी ठरतात.

निदानाचा क्रम :
प्रथम दोष एकाच प्रतिमेत आहे की सर्व प्रतिमांत, हे पाहावे. सर्वच प्रतिमा बिघडल्या असल्यास पडद्याची मांडणी, रंगखोली, प्रक्षेपकाची केबल किंवा ग्राफिक्स चालक तपासावा. एकच बिघडली असल्यास तिची मूळ फाइल सादरीकरणाबाहेर उघडून पाहावी. ती तेथेही सदोष दिसत असेल तर दोष स्वरूपात किंवा रंगपद्धतीत आहे. निर्दोष दिसत असेल तर दुवा तपासावा. २००७ पासूनची पीपीटीएक्स फाइल ही मुळात झिप संचिका आहे. तिची प्रत काढून विस्तारनाम झिप केल्यास आतील मीडिया या फोल्डरमध्ये समाविष्ट प्रतिमा दिसतात. तेथे न सापडणारी प्रतिमा बहुधा केवळ दुव्याने जोडलेली असते.

उपाय :
प्रतिमा 'इन्सर्ट' आज्ञेने समाविष्ट करावी. दुवे ठेवणे अपरिहार्य असल्यास सर्व फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवून तो संपूर्ण फोल्डर न्यावा. छायाचित्रे एसआरजीबी रंगातील जेपेग स्वरूपात व रेखाचित्रे, नकाशे पीएनजी स्वरूपात रूपांतरित करावीत. पीएनजीमध्ये अक्षरेही चित्ररूप होत असल्याने अक्षरसंचाचा प्रश्न उरत नाही. मजकुरासाठी युनिकोड वापरावा. सादरीकरणाची पीडीएफ प्रत सोबत ठेवावी आणि शक्य असल्यास प्रत्यक्ष सभागृहातील संगणकावर पूर्वतपासणी करावी. रोगलक्षणे किंवा चित्रकला हा विषय असल्यास ज्ञात रंगांची एक पट्टी पहिल्या पारदर्शिकेवर ठेवावी, म्हणजे पडद्याचा दोष आरंभीच लक्षात येतो.

समारोप :
प्रतिमा सदोष दिसण्यामागे संगणकाचा लहरीपणा नसून पत्ता, स्वरूप, रंग, अक्षर व प्रमाण यांपैकी एखादी निश्चित विसंगती असते. ती क्रमाने शोधल्यास बहुतेक दोष सभेपूर्वीच दूर करता येतात. प्रतिमा हाच जेथे पुरावा असतो, तेथे तिच्या यथार्थ दर्शनाची खात्री करणे हा अध्यापन व संशोधन यांचाच एक भाग समजला पाहिजे.