नाव झाका, मग वाचा!

मित्राचा प्रोजेक्ट रिपोर्ट चाळून 'भारी झालाय रे' म्हणत तुम्ही मोकळे होता ना? इंजिनीअरिंग जर्नलच्या रिव्ह्यूअरला हे परवडत नाही. 2017 च्या डब्ल्यूएसडीएम या संगणकशास्त्र परिषदेत प्रत्येक पेपर चौघांनी तपासला. दोघांना लेखकांची नावं दिसत होती, दोघांना नाही. नावं दिसलेल्यांनी नामवंत लेखकांना, बड्या विद्यापीठांना झुकतं माप दिलं! म्हणजे छोट्या कॉलेजातला तुमचा पेपर नुसत्या पत्त्यामुळेही मागे पडू शकतो.

उद्या तुम्हीच रिव्ह्यूअर झालात तर? लेखक ओळखीचा निघाला, तर संपादकांना आधीच सांगा. 'पेपर कच्चा आहे' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या चाचणीत, कोणत्या आकृतीत काय कमी आहे, ते लिहा. सराव? मित्राच्या त्या रिपोर्टपासूनच!