खोडदला लागते मेलेल्या ताऱ्यांची नाडी

(लेखमाला : ताऱ्यांचे आयुष्य, भाग सहावा)

गेल्या भागात आपण सूर्याचे अंत्यविधी उरकले. सुमारे 5 अब्ज वर्षांनी तो फुगेल, बाहेरची आवरणे झटकून टाकेल आणि मागे श्वेत बटू उरेल. असा एक बटू व्याधाच्या सोबतीला आजही आहे. थंडीच्या रात्री शिरूर-दौंडच्या शिवारातून व्याध ठसठशीत दिसतो, जोडीदार मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. व्याधाची चाल डुलती का, याचा विचार करताना 1844 मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेलला त्याचा संशय आला. 1862 मध्ये तो दुर्बिणीत सापडला. वस्तुमान सूर्याएवढे, आकार पृथ्वीपेक्षाही किंचित लहान.

बटूच्या वजनालाही मर्यादा आहे. 1930 मध्ये बोटीने इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी प्रवासातच तिचे गणित मांडले. सूर्याच्या सुमारे 1.4 पटीपुढे बटू स्वतःचा भार पेलू शकत नाही. एडिंग्टनसारख्या दिग्गजाने ही कल्पना भर सभेत उडवून लावली. नोबेल मिळायला 1983 उजाडले.

मग त्याहून जड गाभ्याचे काय होते? सूर्याच्या आठपटीहून मोठ्या ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंड साठते. लोखंडाचे मीलन होऊन ऊर्जा सुटत नाही, त्यामुळे आधार संपतो आणि पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्याही आत कोसळतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जाऊन न्यूट्रॉन बनतात. बाहेरचा तारा अतिनवतारा होऊन उधळतो. मागे उरतो न्यूट्रॉन तारा: सूर्याहून जड, पण रुंदी जेमतेम 20-25 किलोमीटर. शिरूर आणि दौंड यांच्यामध्ये असे दोन तारे शेजारी शेजारी मावतील.

एवढीशी वस्तू हजारो प्रकाशवर्षांवरून सापडते कशी? त्याचे उत्तर शिरूर लोकसभा मतदारसंघातच आहे, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या साधारण 25 किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्या आहेत. म्हणजे जो तारा ऐकायचा, त्याच्याएवढाच ऐकणाऱ्याचा पसारा! गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरून या तबकड्या हलक्या आणि स्वस्त केल्या. वारा जाळीतून निघून जातो. 4 ऑक्टोबर 2001 रोजी ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुली झाली.

न्यूट्रॉन तारा गरगर फिरतो. त्याचा चुंबकीय अक्ष तिरका असला, तर ध्रुवांतून निघणारा रेडिओ लहरींचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो आणि एक ठोका नोंदला जातो. असे ठोके देणारे तारे म्हणजे स्पंदक; ते पहिल्यांदा 1967 मध्ये जोसलिन बेल यांना सापडले. 1054 मध्ये चिनी निरीक्षकांनी पाहिलेल्या अतिनवताऱ्याच्या जागी, वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघात, आज सेकंदाला तीसेक ठोके देणारा स्पंदक आहे. बहुतेक स्पंदक कमी कंप्रतेवर अधिक ठळक असतात, आणि खोडदची दुर्बीण त्याच लहरींसाठी बांधलेली आहे.

2004 मध्ये पाउलो फ्रायर, यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी तिच्या मदतीने एनजीसी 1851 या तारकागुच्छात सेकंदाला सुमारे 200 फेऱ्या घेणारा स्पंदक शोधला. एवढा वेग सहसा जोडीदाराचे द्रव्य ओढून येतो आणि त्या ओढाताणीत कक्षा गोल होत जाते. या महाशयांची कक्षा मात्र कमालीची लांबट: 18.8 दिवसांच्या फेरीत जोडीदारापासूनचे अंतर सतरा पटींनी कमी-जास्त होते. गुच्छाच्या गर्दीत जुना जोडीदार सुटून नवा मिळाला असावा, हे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण.

हे ठोके इतके क्षीण की मोबाईल टॉवर किंवा गाडीच्या इंजिनाची ठिणगीही त्यांना बुडवते. विजेच्या इंजिनाचा पॅंटोग्राफ तारेला घासताना उडणाऱ्या ठिणग्या दौंड जंक्शनच्या माणसाला नवीन नाहीत. त्यांतूनही रेडिओ लहरी निघतात. नारायणगाव परिसरातून आखलेला पुणे-नाशिक रेल्वेमार्ग या दुर्बिणीपायीच अडला. गैरसोय खरी, प्रवाशांचा राग समजण्यासारखा; पण अशी शांत जागा दुसरीकडे सहज मिळत नाही.

या शांततेतले मोठे काम जून 2023 मध्ये जाहीर झाले. स्पंदकांचे ठोके घड्याळासारखे नेमके असल्याने, गुरुत्वीय लहरींनी अवकाश ताणले-आक्रसले की ठोके किंचित मागे-पुढे होतात. वाटेतले इलेक्ट्रॉनही रेडिओ लहरींना उशीर करतात, आणि तो कमी कंप्रतेवर सर्वांत नीट मोजता येतो. इथेच खोडदच्या नोंदी युरोपीय गटाच्या कामी आल्या. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा मागमूस लागला. आकाशगंगांच्या केंद्रांतल्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हा त्यांचा सर्वांत संभाव्य उगम मानला जातो.

एनजीसी 1851 मधले कोडे मात्र वाढलेच आहे. जानेवारी 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून तिथल्या दुसऱ्या एका स्पंदकाच्या जोडीदाराचे वस्तुमान प्रसिद्ध झाले: सूर्याच्या 2.09 ते 2.71 पट. न्यूट्रॉन तारा म्हणावा तर फारच जड, कृष्णविवर म्हणावे तर फारच हलके.

(पुढील भागात : कृष्णविवरे)