शिआनमध्ये एक दिवस



या सुट्टीत आपल्या मराठी शाळेतली चौदा मुले आणि आम्ही चार मोठी माणसे चीनला जाऊन आलो. शिआनसाठी हातात एकच दिवस होता. पुढे कुणी जाणार असेल तर उपयोग होईल, म्हणून हा वृत्तान्त.

शिआन म्हणजे जुने छांगआन. तांग घराण्याची (इ.स. ६१८ ते ९०७) ही राजधानी. रेशीम मार्गावरचे व्यापारी इथूनच पश्चिमेकडे निघत.

सकाळी लवकर निघून आम्ही आधी मातीचे सैन्य पाहिले. हे ठिकाण शहराबाहेर पूर्वेला आहे. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सैनिक सापडले. इ.स.पू. २१० मध्ये वारलेल्या पहिल्या सम्राटाच्या राखणीसाठी ते पुरलेले होते. पहिला खड्डाच २३० मीटर लांब आहे! सैनिक मुळात रंगीत होते, पण जमिनीतून वर येऊन कोरडी हवा लागली की रंगाखालचा लाखेचा थर आक्रसतो आणि रंगाच्या खपल्या पडतात. सम्राटाची मुख्य कबर अजून उघडलेली नाही. "का नाही उघडत?" या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर त्या उडालेल्या रंगातच होते. जपता येत नसेल तर घाई नको.

दुपारी तटबंदी. चौदाव्या शतकात मिंग काळात बांधलेल्या या तटाचा घेर जवळजवळ १४ किलोमीटर आणि उंची १२ मीटर. वर भाड्याने सायकली मिळतात. मुले खूश! आमची मात्र दमछाक झाली.

संध्याकाळी मोठा हंस पॅगोडा. समोरच ह्युएनत्संगाचा पुतळा आहे. शाळेच्या पुस्तकात भेटलेला तोच हा प्रवासी. भारतातून ६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ते सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये हा पॅगोडा उभा राहिला.

आम्ही मुलांना सांगितले, की हा महाराष्ट्रातही आला होता. तेव्हा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथली माणसे साधी पण मानी, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा बदला घेणारी आहेत, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचेही वर्णन केले आहे. अभ्यासक ते अजिंठ्याचे मानतात.

इथेच जन्मलेली एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे हा एवढ्या लांबून चालत अजिंठ्याला गेला, आणि मी दर दोन वर्षांनी विमानाने जाऊनही नाही गेले?"

आम्ही मोठे गप्प! खरे तर आमच्यातल्या दोघांनीही अजिंठा पाहिलेला नव्हता. भारतात गेलो की लग्ने, खरेदी, नातेवाईक यांतच सुट्टी संपते. मुलांना आपला इतिहास माहीत नाही अशी तक्रार मात्र आपणच करतो.

जाता जाता दोन सूचना. तिकिटे आगाऊ काढा आणि प्रत्येकाचा पासपोर्ट जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर काय चालत नाही ते चिनी लिपीत लिहून घ्या. आम्हाला ठेपले आणि चिवड्याने तारले!

पुढच्या भारतभेटीत अजिंठा नक्की, असे मुलांना कबूल केले आहे. येताय बरोबर?