ठाण्याच्या बंद दाराआड

१९७२ च्या मार्चमध्ये, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात, भावाच्या फिर्यादीवरून एका आदिवासी मुलीस जबानीसाठी आणण्यात आले. रात्री जबान्या आटोपून मंडळी घरी निघाली असता तिला तेवढी मागे थांबविण्यात आले, दार लागले, दिवे मालवले गेले, आणि नातलग बाहेर ताटकळत उभे राहिले. अत्याचाराचा आरोप ठाण्यातील दोघा पोलिसांवरच आला.

सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा ठोठावली, आणि अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती रद्द केली. ज्याच्या हाती सरकारी अंमल आहे त्याच्यापुढे एका निराधार पोरीची वाचा बसली, म्हणून तिची संमती होती असे मानणे हा, माझ्या मते, न्यायबुद्धीचाच पराभव होय.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. त्यामागोमाग स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. अखेर १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कारास किमान दहा वर्षांची सजा आली, आणि अशा खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने नकार सांगितला तर संमती नव्हती असेच न्यायालयाने धरून चालावे, असे पुराव्याच्या कायद्यात नमूद झाले. त्या दोघा पोलिसांची सुटका मात्र कायम राहिली.