गिटार नाही, तरी मेटल!

गेल्या पोळ्याला बऱ्याच वर्षांनी आजोळी गेले होते. आजोळ पांढुर्ण्याचे, आईची मावशी सौंसरची. दोन्ही तालुके मध्य प्रदेशात, पण घरात बोलतात ती मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मागे राहिला. त्याच दिवशी आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्यामुळे तिथल्या लोकांचे दुखणे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला.

पोळ्याच्या सकाळी मामेभावाच्या मुलाने स्पीकरवर काहीतरी लावले आणि घर हादरले. मामा ओट्यावरून ओरडले, "हे काय लावून राह्यला बे? मानसं गाऊन राह्यले का भांडून राह्यले?"

"आबाजी, यात गिटारच नाही. सगळं तोंडानं करतात."

मामा म्हणाले, "पुन्हा लाव."

व्हान कँटो हा जर्मनीचा बँड २००६ मध्ये सुरू झाला. आम्ही ऐकत होतो तो त्यांचा दुसरा अल्बम, 'हीरो', २००८ चा. पाच गायक आणि एक ड्रम वाजवणारा. गिटारचे सूर, खालचा बेस, सगळे गळ्यातून. 'रक्कटक्का', 'दनदन' अशा निरर्थक अक्षरांनी. ड्रम मात्र खरे आहेत, म्हणून काटेकोर लोक याला शुद्ध वाद्यविरहित गायन मानणार नाहीत. मला तो वाद फिजूल वाटतो. टाळाशिवाय आपले भजन तरी कुठे होते?

दहा गाण्यांपैकी पाच त्यांची स्वतःची, पाच दुसऱ्यांची. डीप पर्पलचे १९७४ चे 'स्टॉर्मब्रिंगर' आहे, आयर्न मेडनचे १९९२ चे 'फिअर ऑफ द डार्क' आहे. खरे सांगायचे तर सलग ऐकताना मला थोडा कंटाळा आला. सगळेच सतत जोरात. पण ब्लाइंड गार्डियनचे 'द बार्ड्स साँग' संथ आहे, आणि तिथे कळते की ही माणसे नुसती ओरडत नाहीत, एकमेकांचे ऐकून गातात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवायचे असेल तर तिथून सुरुवात करावी.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या कानांना हे नवे नाही. तबलजी आधी बोल म्हणून दाखवतो, त्याला आपण पढंत म्हणतो. कन्नड घरांत कोन्नक्कोल माहीत असते: 'तक धिमि तक जणु' म्हणत नुसत्या जिभेवर मृदंग उभा करायचा. बंगळूरचे सोमशेखर जोईस त्यात नावाजलेले. माझी मुलगी बंगळूरला शिकते. तिच्या खोलीत अल्बम वाजला असता तर ती नक्की म्हणाली असती, "अम्मा, हे तर आपलंच!"

मामांना मात्र आठवल्या त्या झडत्या. विदर्भाकडे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की शेतकरी एकापाठोपाठ एक झडत्या म्हणतात. वाद्य नाही, चाल म्हणावी तर तीही नाही; छाती फुटेस्तोवर म्हणायचे, त्यात सावकारापासून सरकारपर्यंत सगळ्यांची रेवडी, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर. मग तोरण तुटते. बाहेरच्या जगाला पांढुर्णा ठाऊक आहे तो दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे, जाम नदीकाठच्या दगडांमुळे. दरवर्षी डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. झडत्यांची बातमी होत नाही.

एके काळी मामांची झडती ऐकायला लोक थांबत. चार वर्षांपूर्वी बैलजोडी विकली, ट्रॅक्टर आला, तेव्हापासून ते पोळ्यात उभेच राहिले नाहीत.

"आबाजी, एक म्हणा ना. रेकॉर्ड करतो," पोराने गळ घातली.

"बैल नाई तं झडती कायची?"

पोरगा गप्प बसला. पण त्याने स्पीकर बंद केला नाही. संध्याकाळी पोळा फुटल्याचा गलका ऐकू आला, तेव्हा मामा अंगणात खुर्चीवर होते. कोणी काही न म्हणता त्यांनी सुरुवात केली. आवाज पूर्वीचा नाही, दातही नाहीत. पहिल्या दोन पूर्ण म्हटल्या, तिसरी अर्ध्यावर अडली. आठवेना. कुंपणापलीकडून शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी पुढची ओळ टाकली. मामा चिडले, "तसं नाई हाय ते!" आणि मग त्यांना खरी ओळ आठवली.

पोराने सगळे टिपले, भांडणासकट. ते मी मुलीला पाठवले. तिचा लगेच फोन, अर्थ विचारायला. मैत्रिणींना सांगायचा म्हणून कन्नडमध्येही हवा. दोन झडत्या लिहून दिल्या आहेत. तिसरीतला एक शब्द मलाही येत नाही. रविवारी मामांना फोन करणार आहे.